मिठावर गाडी न्यायची तर आधी वर्ग ठरवा, मग इंजिन उघडा

बॉनेव्हिलच्या मिठागरावर सरळ धावेत वेगाचे रेकॉर्ड होतात, आणि तिथे गाड्यांचे वर्ग इंजिनाच्या आकारावरही ठरतात. फोर्डचं ३०२ घनइंची व्ही-८ इंजिन रिबिल्डला गेलं की मशीन शॉपवाला सवयीने बोअर (सिलिंडरचा व्यास) ३० थाउ, म्हणजे इंचाचे तीस हजारांश, वाढवतो. सिलिंडर स्वच्छ होतात, त्या मापाचे पिस्टन तयार मिळतात, कोणाची तक्रार नसते. पण बोअर ४.००० चा ४.०३० इंच झाला की इंजिन ३०६.१३ घनइंचांचं होतं आणि बॉनेव्हिलच्या नियमांत डी वर्ग ३०५.९९ ला संपतो. ०.१४ घनइंच, म्हणजे जेमतेम सव्वादोन सीसी जास्त, आणि गाडी सी वर्गात जाऊन पडते. तिथे तिच्यासमोर ३७२ घनइंचांची इंजिनं उभी असतात. हेच बोअरिंग २० थाउवर थांबवलं असतं तर इंजिन ३०४.६ वर राहिलं असतं, डी वर्गाच्या अगदी वरच्या टोकाला.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. कुठल्या वर्गात उतरायचं हे आधी कागदावर नक्की करा, इंजिन त्यानंतर उघडा. हॉट रॉडवाल्यांची (जुन्या गाड्या वेगासाठी बदलून घेणाऱ्यांची) सवय नेमकी याच्या विरुद्ध असते. मनासारखी गाडी आधी तयार होते, आणि मग ती कुठे बसते हे नियमपुस्तकात शोधलं जातं. ती बहुधा कुठेच नीट बसत नाही.

वर्गाचं नाव कसं वाचायचं

इथे आधार घेतलाय तो एससीटीएच्या, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनच्या पद्धतीचा. ही संस्था १९३७ सालची. युटामध्ये वेंडोवरजवळच्या बॉनेव्हिलच्या मिठागरावर तिचा स्पीड वीक १९४९ पासून भरतो, आणि कॅलिफोर्नियातल्या एल मिराज या कोरड्या तळ्यावर वर्षभरात तिच्या अनेक स्पर्धा होतात. ऑस्ट्रेलियात लेक गेर्डनरला होणाऱ्या स्पर्धेची वर्गवारीही याच धर्तीची आहे. त्यामुळे मेलबर्न-अ‍ॅडलेडकडच्या मंडळींनाही पुढचं बरंचसं लागू पडेल. फक्त तिथलं नियमपुस्तक वेगळं घ्यावं लागेल.

वर्गाच्या नावात एक तिरकी रेघ असते. रेघेच्या आधी इंजिन आणि नंतर बॉडी, इंधन, ब्लोअर (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र). सी/बीजीआर हे नाव घ्या. सी हा इंजिनाचा आकार, बी म्हणजे ब्लोन (सुपरचार्जर असो की टर्बो, नियमाला दोन्ही सारखेच), जी म्हणजे गॅस, अर्थात पेट्रोल, आणि आर म्हणजे रोडस्टर, पक्कं छप्पर नसलेली गाडी. बी नसेल तर इंजिन नैसर्गिक श्वासावर चालणारं. जीच्या जागी एफ असेल तर फ्युएल, म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन वगैरे. एवढं वाचता आलं की रेकॉर्डांच्या लांबलचक यादीतली निम्मी भीती जाते.

पायरी १ : बॉडी

सुरुवात बॉडीपासून, कारण इंजिन बदलता येतं पण बॉडी विकत घेतली की घेतली.

हॉट रॉड म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते ती १९३२ ची फोर्ड. तिचा उघडा रोडस्टर असेल तर साधा रस्ता गॅस रोडस्टर किंवा फ्युएल रोडस्टरचा. या वर्गांत १९२८ ते १९३८ च्या अमेरिकन रोडस्टर बॉडी चालतात. बॉडी फायबरग्लासची असली तरी हरकत नाही, मात्र उंची, रुंदी आणि वळणं मूळ गाडीचीच हवीत. इंजिन मागे सरकवायचंय, चालकाची जागा बदलायचीय, बॉडी निमुळती करायचीय, तर मॉडिफाइड रोडस्टर. तिथे मॉडेल टीच्या लहान बॉडीही येतात आणि इंजिन मागे असलेल्या गाड्यांसाठी वेगळा पोटवर्ग आहे. रस्त्यावर चालवायच्या गाडीच्या जवळ राहायचं असेल तर स्ट्रीट रोडस्टर. तो फक्त पेट्रोलवर.

बंद छपराच्या जुन्या गाड्या, म्हणजे १९२८ ते १९४८ च्या कूपे आणि सिडॅन, व्हिंटेज गटात येतात. इथे घोळ होतो तो छपरामुळे. दिसायला छान म्हणून छप्पर चार इंच कापलेली गाडी कोणी हौसेने विकत घेतो, आणि मग कळतं की मूळ बॉडी मागणारे वर्ग तिला बंद झालेत. कम्पिटिशन कूपेत छप्पर कापलेलं चालतं, पण तिथले रेकॉर्ड त्याच हिशेबाने लांब निमुळत्या नाकाच्या गाड्यांनी केलेले असतात. तेव्हा कापलेलं छप्पर, खाली बसवलेली बॉडी, मागे सरकवलेलं इंजिन या तीन गोष्टी गाडी घेण्याआधीच टेप लावून मोजा. फोटो काढा आणि संस्थेच्या त्या गटाच्या तपासनिसाला पाठवून विचारा. लेखी उत्तर मिळालं तर ते जपून ठेवा.

१९४९ ते १९८१ च्या गाड्या क्लासिक गटात जातात. लेकस्टर आणि स्ट्रीमलायनर हा वेगळाच संसार आहे. स्ट्रीमलायनर म्हणजे चाकं झाकलेली खास बांधणीची गाडी, आणि लेकस्टर म्हणजे चाकं उघडी असलेली. बिल बर्कने १९४६ मध्ये लढाऊ विमानाच्या टाकून द्यायच्या इंधनटाकीत इंजिन बसवलं, त्याच घराण्यातली. हॉट रॉडची बॉडी हाताशी असलेल्याने पहिल्याच खेपेला तिकडे वळण्याचं कारण नाही.

नवशिक्याने बॉडी कमीत कमी बदललेलीच ठेवावी. बदल जितके जास्त, तितका समोरचा प्रतिस्पर्धी मुरलेला.

पायरी २ : इंजिन, आणि घनइंचांचा हिशेब

मोठ्या इंजिनांचे वर्ग असे आहेत. ५०१ घनइंच आणि वर एए. ४४० ते ५००.९९ ए. ३७३ ते ४३९.९९ बी. ३०६ ते ३७२.९९ सी. २६१ ते ३०५.९९ डी. त्याखाली ई पासून के पर्यंत लहान इंजिनं, ज्यांत मोटारसायकलच्या इंजिनापर्यंत सगळं येतं.

सूत्र शाळेतलंच आहे. ०.७८५४ × बोअर × बोअर × स्ट्रोक × सिलिंडरांची संख्या. स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव. मापं इंचांत घ्या, दशांशानंतर तीन घरं धरा. सीसी हवे असतील तर उत्तराला १६.३८७ ने गुणा.

लांब सरळ धावेत, बाकी सगळं सारखं असताना, इंजिन वर्गाच्या वरच्या टोकाला असलेलं बरं. खालच्या टोकाला बसलेलं इंजिन स्पर्धेआधीच दहा-पंधरा टक्के मागे असतं. नेहमीच्या काही इंजिनांचा हिशेब पाहू.

शेव्हरलेच्या ३५० चा बोअर ३० थाउ वाढवला की ३५५. सी वर्गात मध्याच्या वर, तरी सुरक्षित. त्याला पावणेचार इंच स्ट्रोकचा क्रँक घालून ३८३ केलं, जे रस्त्यावरच्या गाड्यांत सर्रास होतं, की इंजिन बी वर्गाच्या तळाशी जातं. समोर ४३९ पर्यंतची इंजिनं. रस्त्यासाठी ते उत्तम आहे, मिठासाठी नाही.

त्याच घराण्यातल्या ४०० च्या ब्लॉकमध्ये ३५० चा ३.४८ इंची क्रँक घातला तर ४.१२५ बोअरला ३७२.०५ घनइंच येतात. सी वर्गाचं छप्परच गाठलं. क्रँकची मेन जर्नल लहान असल्यामुळे जाड शेलच्या खास बेअरिंग लागतात. पण इथे जागा किती उरते पाहा : बोअर ५ थाउ वाढला, ४.१३० झाला, की ३७२.९६. त्यापुढे होनिंगचा (सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करण्याचा) एक जास्तीचा हात फिरला तरी बी वर्ग. आणि नेहमीचं ३० थाउ बोअरिंग केलं तर सरळ ३७७.५. म्हणजे झिजलेला ब्लॉक या कामाला निरुपयोगी. न झिजलेला मिळाला तरच हात घाला, आणि तो पुन्हा बोअर करता येणार नाही हे धरून चाला. स्लीव्ह मारणं, म्हणजे सिलिंडरात नवी नळी बसवणं, हा एकच मार्ग उरतो.

शेव्हरलेच्या ३०५ ची तीच गत. मूळ मापालाच ते ३०५.२ भरतं. ३० थाउ वाढवलं की ३१० आणि सी वर्ग.

स्वस्तात डी वर्ग हवा असेल तर जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यातलं ट्रकचं ४.८ लिटरचं इंजिन पाहा. ३.७८ चा बोअर, ३.२६८ चा स्ट्रोक, २९३.४ घनइंच. वर बोअरिंगलाही थोडा वाव. भंगारवाल्याकडे लोक ५.३ मागतात आणि ४.८ मागे पडून राहतं. ५.३ मात्र ३२५ भरतं, म्हणजे सी वर्गात खालून दुसऱ्या पायरीवर. तसंच एलएस३ चं ६.२ लिटर ३७६ भरतं आणि बी वर्गाच्या उंबरठ्यावर बसतं. कागदावर मोठं, वर्गात सगळ्यांत लहान.

फ्लॅटहेडवाल्यांसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्ये असलेल्या जुन्या इंजिनांसाठी, वेगळी व्यवस्था आहे. १९३२ ते १९५३ च्या फोर्ड-मर्क्युरी फ्लॅटहेड व्ही-८ ला एक्सएफ वर्ग, मर्यादा ३२५ घनइंचांची. त्याच ब्लॉकवर आर्डनसारखं ओव्हरहेड व्हॉल्व्हचं हेड चढवलं की एक्सएक्सएफ. जीएमसीच्या जुन्या सहा सिलिंडरी इंजिनांसारख्यांना एक्सओ, आणि १९३५ च्या आधीच्या चार सिलिंडरी इंजिनांना व्ही४. घरात १९३२ ची बॉडी आणि फ्लॅटहेड दोन्ही असतील तर दुसरीकडे बघूही नका. आधुनिक इंजिनांशी भांडायची वेळच येत नाही.

फ्लॅटहेडचं दुखणं माहीत असू द्या. त्याचा एक्झॉस्ट ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जॅकेटमधून बाहेर येतो, आणि मधल्या दोन सिलिंडरांचा मार्ग तर एकच असतो. त्यामुळे ब्लॉक आतून भाजतो, आणि व्हॉल्व्हची सीट ते सिलिंडर यांच्यामधल्या पातळ पट्टीत भेग पडते. ब्लॉक घेताना क्रॅक टेस्ट आणि प्रेशर टेस्ट केल्याशिवाय पैसे मोजू नका. ती भेग डोळ्यांनी दिसत नाही, आणि बोअरिंग झाल्यावर कळली तर मजुरी पाण्यात.

पायरी ३ : पेट्रोल की फ्युएल, ब्लोअर की नाही

पहिल्या वर्षी पेट्रोल, ब्लोअरशिवाय. याला अपवाद फार कमी.

गॅस वर्गात स्पर्धेच्या जागी मिळणारंच पेट्रोल भरावं लागतं आणि भरल्यावर अधिकारी टाकीला सील लावतात. म्हणून टाकीच्या झाकणाला आणि गळ्याला सीलची तार ओवायला भोकं पाडून ठेवा. हे घरी ड्रिल मशीनवर पाच मिनिटांचं काम आहे. मिठावर रांगेत उभं राहून करायला गेलात तर सकाळ गेली. टाकी आणि लाइन घरीच पूर्ण कोरड्या करा. ट्यूनिंगसाठी भरलेलं जुनं इंधन फिल्टरच्या वाटीत राहतं आणि नव्यात मिसळतं.

नायट्रस ऑक्साइडची बाटली लावली की गाडी फ्युएल वर्गात गेली, मग टाकीत पेट्रोल का असेना. मिथेनॉल मिसळलेल्या पाण्याचा फवारा इनटेकमध्ये सोडलात तरी तेच. टर्बोवाले इथे हमखास अडकतात, कारण रस्त्यावरच्या गाडीत तो फवारा त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो.

ब्लोअरचा मोह होतो त्याला कारण आहे. बॉनेव्हिल समुद्रसपाटीपासून ४,२०० फुटांवर आहे आणि स्पीड वीक ऑगस्टच्या उन्हात. हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे पाचव्या हिश्शाने विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद तितकीच घसरते. डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) समुद्रसपाटीच्या हवेच्या हिशेबाने ५०० हॉर्सपॉवर दाखवणारं इंजिन मिठावर ४०० च्या आसपास उरतं. टर्बो हे नुकसान बरंचसं भरून काढतो. पण तिथले रेकॉर्डही टर्बोवाल्यांचेच, त्यामुळे फायदा फिटंफाट. वर उष्णता, इंटरकूलर, बर्फाची टाकी, वितळलेले पिस्टन हे सगळं सोबत येतं.

पायरी ४ : रेकॉर्ड आणि आपली ताकद समोरासमोर

आता तीन-चार संभाव्य वर्ग हातात आले. चालू वर्षाची रेकॉर्डांची यादी घ्या आणि प्रत्येकासमोर वेग लिहा. काही वर्गांत अजून कोणाचंच नाव नसतं, पण तिथेही संस्थेने किमान वेग ठरवलेला असतो. वर्ग रिकामा आहे म्हणून रमतगमत जाऊन नाव कोरता येत नाही.

मग हिशेब करा. हवेचा अडथळा तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बॉनेव्हिलच्या उन्हाळी हवेसाठी ढोबळ सूत्र असं : मैलांतला वेग × वेग × वेग × ०.००००६ × सीडीए, उत्तर चाकांवरच्या हॉर्सपॉवरमध्ये. सीडीए म्हणजे ड्रॅगचा गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. समजा तो १.० आहे. मग ताशी १५० मैलांना (२४१ किमी) २०२ हॉर्सपॉवर, १७५ ला ३२२ आणि २०० ला (३२२ किमी) ४८०. यात मऊ मिठात रुतणाऱ्या टायरचा अडथळा आणि गिअरबॉक्स-एक्सलमधली गळती धरलेली नाही. म्हणजे २०० साठी समुद्रसपाटीवरच्या डायनोचा आकडा ६०० च्या बराच वर हवा.

दोन गोष्टी यातून ताबडतोब कळतात. १९० वरून २०० वर जायला ताकद सतरा टक्के वाढवावी लागते, म्हणून रेकॉर्ड ‘फक्त दहा मैल दूर’ आहे असं कधी म्हणू नये. दुसरं, सीडीए दहा टक्के कमी करणं हे इंजिनातून तेवढी ताकद काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. वर्गाच्या नियमांत जेवढं झाकायला, खाली बसवायला, अरुंद करायला परवानगी आहे तेवढं सगळं आधी करून घ्या.

नेहमीचा सापळा म्हणजे मऊ रेकॉर्ड. एखाद्या वर्गातला आकडा शेजारच्या वर्गांच्या मानाने खूपच कमी दिसतो आणि लोक त्यावर तुटून पडतात. गाडी बांधायला दोन वर्षं लागतात. तोवर तोच आकडा आणखी चौघांनी हेरलेला असतो. गेल्या पाच-सहा वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून पाहा, आकडा किती वेळा हलला ते. हिशेबाने येणारा आपला वेग रेकॉर्डापेक्षा निदान पाच टक्के वर असेल तरच तो वर्ग पक्का करा.

पायरी ५ : धाव कुठे, आणि त्याप्रमाणे गिअर

एल मिराजला धाव १.३ मैलांची, मातीवर, आणि एकाच धावेवर निकाल. तिथे झटपट वेग घेणारी गाडी जिंकते आणि जास्तीचं वजन नडतं. शिवाय उतरायला संस्थेच्या एखाद्या क्लबचं सभासदत्व लागतं. बॉनेव्हिलला तीन मैलांचा आखूड आणि पाच मैलांचा लांब मार्ग असतो, आणि साधारण ताशी १७५ मैलांच्या खालचं काम आखूडवर होतं. तिथे वजनाचं ओझं वाटत नाही, उलट मागच्या चाकांवर शिसं बोल्टने कसून लोक वजन वाढवतात, कारण मिठावर पकड कमी. दोन्हीकडचे रेकॉर्ड वेगळे. एकाच गाडीला एल मिराजला एक वर्ग फायद्याचा आणि बॉनेव्हिलला दुसरा, असं सहज होतं.

एक्सलचं गुणोत्तर काढायला : आरपीएम × टायरचा व्यास इंचांत ÷ (३३६ × वेग). ७,००० आरपीएम, २८ इंची टायर, टॉप गिअर एकास एक आणि लक्ष्य २०० असेल तर २.९२. पण मिठावर चाक थोडं घसरतच राहतं. पाच टक्के घसरण धरली तर २१० च्या हिशेबाने २.७८ येतं. फोर्डच्या नऊ इंची एक्सलला २.७५ चा क्राऊन-पिनियन तयार मिळतो, तो घ्या. फार उंच गिअर ठेवला तर इंजिन ताकदीच्या पट्ट्यात चढतच नाही. गाडी १८० ला हुंकार भरत राहते आणि लोक दोष कार्ब्युरेटरला देतात.

ज्यांना आधी फक्त मिठाची ओळख करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी युटा सॉल्ट फ्लॅट्स रेसिंग असोसिएशनचे ताशी १३० आणि १५० मैलांचे क्लब आहेत. रस्त्यावरची गाडी थोड्या तयारीवर उतरवता येते, आणि गाडी १४० ला कशी वागते हे कळल्यावर वर्गाची निवड बरीच शहाणपणाने होते.

पायरी ६ : वर्गासोबत येणारा सुरक्षेचा खर्च

वर्गाचं रेकॉर्ड जितकं वरचं, तितक्या मागण्या जास्त. रोल केज, पट्टे, आगीचा बंदोबस्त, टायरचं रेटिंग, पॅराशूट, चालकाचा सूट, सगळं वेगाशी बांधलेलं. केजचा पाइप साधारणपणे १ ५/८ इंच बाहेरचा व्यास आणि ०.१२० इंच जाडीचा, याहून बारीक पाइपचा जुना ड्रॅग रेसिंगचा केज चालेल अशा भ्रमात राहू नका. उघड्या रोडस्टरमध्ये हात बाहेर जाऊ नयेत म्हणून हातांचे पट्टेही लागतात. वर्ग नक्की करण्याआधी या सगळ्याची किंमत एका कागदावर मांडा. पुष्कळदा असं दिसतं की एक पायरी खालचा वर्ग निवडला तर वाचलेल्या पैशांत चांगले सिलिंडर हेड येतात. चालकाचा परवानाही टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्याच फेरीत कोणालाही २०० ला जाऊ देत नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षी रेकॉर्डाचा हट्ट तसाही फोल.

मिठावर पोहोचल्यावर

बॉनेव्हिलच्या स्पीड वीकला रेकॉर्ड दोन धावांच्या सरासरीने ठरतं. पहिल्या धावेत चालू रेकॉर्ड ओलांडलं की गाडी थेट इम्पाउंडमध्ये, म्हणजे संस्थेच्या देखरेखीखालच्या आवारात, न्यायची. तिथे कामाला चार तास मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी धाव, त्याच दिशेने. एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या) विश्वविक्रमाची रीत वेगळी, तिथे तासाभरात उलट दिशेने यावं लागतं. हे चार तास लक्षात घेऊन इंजिन ठरवा. काठावरच्या ट्यूनिंगने एक धाव छान जाते आणि हेड गॅस्केट सोडून देते. चार तासांत हेड उतरवून पुन्हा बसवणं आपल्या माणसांना जमतं का, हे घरच्या गॅरेजमध्ये घड्याळ लावून पाहा.

रेकॉर्ड झालं की इंजिनाचं घनमान मोजलं जातं. म्हणून बोअर आणि स्ट्रोक प्रत्येक सिलिंडरला स्वतः मोजून वहीत लिहून ठेवा, मशीन शॉपच्या बिलावर विसंबू नका. बिलावर ‘३० ओव्हर’ असतं, प्रत्यक्षात होनिंगनंतर ३२ निघतं.

आणि पावसाचं धरून चाला. २०१४, २०१५ आणि २०२२ या तिन्ही वर्षी पाण्याने स्पीड वीक रद्द झाला होता. वर्षभर थांबावं लागलं तर नियमपुस्तकाची नवी आवृत्ती घ्यायला विसरू नका. वर्गांच्या मर्यादा आणि सुरक्षेची कलमं मधल्या काळात बदललेली असू शकतात, आणि तपासणीच्या टेबलावर गेल्या वर्षीचं पुस्तक दाखवून वाद घालता येत नाही.